पर्जन्यनोंदींची स्क्रिप्ट: शून्य आणि रिकामा रकाना

गच्चीवरील पर्जन्यमापकाच्या नोंदी दाखवणाऱ्या जावास्क्रिप्टमधील (वेबपानांच्या प्रोग्रामिंग भाषेतील) अटी आणि डिफॉल्ट मूल्ये (खरे मूल्य नसताना वापरायची ठरावीक मूल्ये) आता नव्याने लिहिली आहेत. आपल्या नोंदवहीत ‘0’ म्हणजे कोरडा दिवस, तर रिकामा रकाना म्हणजे मोजमाप राहिलेला दिवस, आणि हा भेद शेवटच्या ओळीपर्यंत टिकला पाहिजे. जावास्क्रिप्टमध्ये चलांना देवनागरी नावे देता येतात, म्हणून पुढील ओळी जशाच्या तशा चालतात.

पाऊस || "नोंद नाही"

ही जुनी पद्धत येथे निरुपयोगी आहे, कारण || हे चिन्ह डावीकडचे मूल्य असत्य असल्यास उजवीकडचे घेते, पण 0 आणि रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) यांनाही असत्य मानते व प्रत्येक कोरड्या दिवसापुढे ‘नोंद नाही’ असे छापते. जावास्क्रिप्टच्या 2020 च्या मानकात आलेले ?? हे चिन्ह डावीकडे ‘नल’ (null, मुद्दाम ठेवलेले ‘मूल्य नाही’) किंवा ‘अनडिफाइन्ड’ (undefined, मूल्य दिलेलेच नाही) असतानाच उजवीकडचे मूल्य घेते. त्यामुळे 0 सुरक्षित राहतो.

मात्र सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या मजकूर-फाइलमधून) आलेला रिकामा रकाना ही रिकामी स्ट्रिंग असते आणि ?? तिला जशीच्या तशी पुढे जाऊ देते. ‘नंबर’ (Number) या फंक्शनने तिचे आकड्यात रूपांतर केले तर 0 मिळतो, म्हणजे न मोजलेला दिवस कोरडा ठरून सरासरी खाली येते; ‘पार्सफ्लोट’ने (parseFloat) केले तर ‘नॅन’ (NaN, म्हणजे ‘संख्या नाही’) मिळतो, तोही ?? च्या हातून निसटतो आणि बेरजेत शिरला की सगळी बेरीज ‘नॅन’ होते. म्हणून फाइल वाचतानाच, रूपांतराच्या आधी, रिकाम्या स्ट्रिंगच्या जागी ‘नल’ ठेवण्याची अट घातली आहे.

पावसाळी दिवस मोजताना भारतीय हवामान विभागाचा 2.5 मिमीचा निकष घेतला. तेथे कंस अत्यावश्यक आहेत:

(पाऊस ?? 0) >= 2.5

कंस काढल्यास तुलना आधी होते आणि ?? नंतर लागते. मग अटीत थेट पावसाचा आकडाच उरतो व 0.2 मिमीचा दिवसही पावसाळी गणला जातो.

सरासरीसाठी मात्र कोणतेही डिफॉल्ट मूल्य द्यायचे नाही, असे माझे ठाम मत आहे; ‘नल’ असलेले दिवस गाळून उरलेल्या दिवसांनीच भागाकार करावा. फंक्शनच्या कंसातील डिफॉल्टवरही येथे विसंबता येत नाही, कारण ते केवळ ‘अनडिफाइन्ड’साठी लागू होते आणि ‘नल’ तसाच आत येतो. आता रिकाम्या रकान्याच्या जागी ‘नल’ ठेवण्याची हीच अट मासिक आलेखात घालायची आहे, म्हणजे न मोजलेल्या दिवशी आलेखाची रेषा शून्यावर न उतरता तेथे खंडित होईल.