बीटल तापते? आधी रबर बघा

फोक्सवॅगन बीटल तापते म्हटलं की लोक आधी टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, बघतात, मग कार्ब्युरेटर उघडतात, आणि तरीही भागलं नाही तर इंजिन तेल थंड करणारा जादा ऑइल कूलर बसवतात. रबराकडे कुणी ढुंकून बघत नाही. मला या जादा कूलरच्या हौसेचा जरा रागच येतो.

माझ्या १९६७ च्या बीटलमध्ये इंजिनभोवतीची रबरी पट्टी इतकी कडक झाली होती की नखाने दाबल्यावर तुकडाच हातात आला. ही पट्टी धूळ अडवायला असते असा समज आहे. खरं तर बीटलचं मागचं इंजिन पाण्याने नाही, हवेने थंड होतं. डायनामोच्या शाफ्टवरचा पंखा इंजिनच्या वरची थंड हवा ओढतो आणि सिलिंडरांच्या फिन्सवरून, म्हणजे उष्णता सोडणाऱ्या पातळ पात्यांवरून, खाली ढकलतो. तापलेली हवा गाडीखाली निघून जाते. वरची हवा नि खालची हवा वेगळी ठेवतात ते इंजिनभोवतीचे पत्रे आणि ही पट्टी. तिला फट पडली की पंखा तीच गरम हवा पुन्हा ओढत बसतो, आणि खाली सायलेन्सर तर आहेच.

तपासायला फार काही लागत नाही. अंधारात गाडीखाली टॉर्च लावा, मागचं झाकण उघडा. आत जिथे उजेड दिसेल तिथून गरम हवाही येते.

पट्टी एका कडेने बॉडीच्या खोबणीत बसते आणि दुसऱ्या कडेला तिच्या दोन ओठांमध्ये इंजिनचा पत्रा शिरतो. इंजिन खाली उतरलेलं असेल तर काम सरळ आहे, म्हणून क्लच बदलायला इंजिन उतरवाल त्याच वेळी उरकून घ्यावं. इंजिन जागेवर ठेवून करायचं तर मागच्या सीटकडची बाजू बोटं सोलते. पट्टीला साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको. नवी पट्टी ईपीडीएम या कृत्रिम रबराची असेल तर ती उष्णता आणि ओझोन छान सोसते, पण तेलाशी तिचं जमत नाही. इंजिन तेल गळत असेल तर आधी ते थांबवा.

पंख्याच्या आवरणातून हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्याही बघा. फाटल्या असतील तर सिलिंडरांच्या वाट्याची हवा फुकट जाते. कुणी हीटर बॉक्स, म्हणजे या नळ्या जिथे जातात ते हवा तापवणारे डबे, काढून टाकले असतील तर आवरणावरची ती दोन्ही तोंडं बंद केलेली हवीत. बऱ्याच गाड्यांत ती उघडीच दिसतात.

उरल्या स्पार्क प्लगच्या तारांवरच्या रबरी चकत्या. पत्र्यातली भोकं त्यांनीच झाकली जातात. तिसऱ्या सिलिंडरची चकती सगळ्यात आधी बदला. जुन्या आवरणात ऑइल कूलर त्याच बाजूच्या हवेच्या वाटेत उभा असतो, त्यामुळे या सिलिंडरला मुळातच कमी नि तापलेली हवा मिळते. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला सरकवून त्याच्या हवेला वेगळी वाट दिली गेली, पण माझ्या गाडीला त्याचा काय उपयोग!