सव्वापट गंधार

मी आणलेलं खोकं अण्णांनी उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "याच्या पट्ट्या कुठायत?"

पट्ट्या नव्हत्या. रोलँडचं साउंड कॅन्व्हास एससी-५५, १९९१ साली बाजारात आलेलं साउंड मॉड्यूल. मी घेतलं तेव्हा दोन मालकांच्या हातून निघालेलं होतं. डबा, पुढे नारिंगी पडदा, एक गोल बटण आवाजाचं आणि बाकी सगळी छोटी बटणं, डावा बाण आणि उजवा बाण अशा जोड्यांनी. वाजवायला कीबोर्ड वेगळा लागतो. दोघांमध्ये पाच पिनांची मिडी केबल. तिच्यातून आवाज जात नाही, नुसते हुकूम जातात: ही पट्टी दाबली, इतक्या जोरात दाबली, आता सोडली. १९८३ पासून हेच चाललंय.

"म्हणजे हा गडी माणूस," अण्णा म्हणाले. "सांगाल ते करणार."

अगदी तसंच. आणि सांगायचं ते सगळं शून्य ते १२७ च्या आत. आवाज १००, घुमारा ४०, अशी सुरुवातीची मांडणी असते. मग बसायचं बाण दाबत. घुमारा ४० चा ३६ करायचा, डोळे मिटून ऐकायचं, ३८ करायचा, पुन्हा ऐकायचं. तासाभरानं ४० वर परत यायचं आणि आता कसं छान वाटतंय म्हणून खूश व्हायचं. माझ्या कित्येक संध्याकाळी अशा गेल्या आहेत. एक गाणं धड वाजवलेलं नाही. बायको याला "डबा कुरवाळणं" म्हणते.

या डब्यात जनरल मिडीच्या यादीतली १२८ वाद्यं क्रमानं बसलेली आहेत. यादी ठरली तीही १९९१ मध्येच. १०५ ला सतार आहे. ११२ ला आपली सनई, तिचं इंग्रजी स्पेलिंग मात्र शनाई वाचावं असं. बॅगपाइप, फिडल आणि मग ही, अशी पंगत. १२६ ला हेलिकॉप्टर आहे, १२८ ला बंदुकीचा बार आहे. पेटी नाही. एवढ्या १२८ जणांत पेटीला पाट मिळाला नाही याचं अण्णांना फार वाईट वाटलं. जवळात जवळचं म्हणजे २१ नंबरचं रीड ऑर्गन. ते मी लावलं, घुमारा पार १२ पर्यंत खाली आणला, तेव्हा कुठे ते देवळातून निघून घरात आल्यासारखं वाटलं.

अण्णांनी दोन सूर धरले. सा आणि गंधार. "गंधार चढाय."

तो चढा असणारच. कीबोर्डवर सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, प्रत्येक शंभर सेंटचा. त्या मापानं शुद्ध गंधार ४०० वर येतो. तंबोऱ्याच्या खर्जातून आपसूक ऐकू येतो तो गंधार मात्र साच्या बरोब्बर सव्वापट, म्हणजे ३८६ च्या आसपास. चौदा सेंटांचा फरक. पेटीवर राग असण्याचं हे एक जुनं कारण. आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला बंदी केली ती तीसेक वर्षं टिकली.

अण्णांकडे यावर इलाज होता, कानस. त्यांची कानस बोटाएवढी, मूठ कधीच निखळलेली, तिथे दोरा गुंडाळलेला. पेटी उघडायची, पितळी पत्ती उचलून धरायची, मुळाशी घासली की सूर उतरतो, टोकाशी घासली की चढतो. दोन हात मारायचे, भाता हलवायचा, ऐकायचं. लहानपणी मी शेजारी बसून पितळेची ती पिवळी धूळ बोटावर घेत असे.

माझ्याकडे धूळ नाही, आकडे आहेत. या मॉड्यूलला बारा सुरांपैकी कुठलाही एक सूर वेगळा खालीवर करता येतो. पण त्याची सोय पुढच्या बटणांवर नाही. संगणकावरून निरोप धाडावा लागतो. आगेमागे ठरलेले आकडे, आणि मधला ऐवज आपला. काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, गाणाऱ्याचा गंधार पांढरी चारवर पडतो. त्याचा पत्ता ६४, १७, ६९. मग सूर किती हलवायचा तो आकडा: ६४ म्हणजे जागच्या जागी. चौदानं उतरवायचा, तर त्या ६४ तून चौदा गेले, राहिले ५०. आता या चौघांची बेरीज २००. तिला १२८ नं भागलं, बाकी ७२. ती १२८ मधून वजा केली, ५६. हा ५६ शेवटी जोडायचा. तो ताळा जुळला तरच खोकं निरोप मानतं. संगणकाला हेच सगळं सोळाच्या पाढ्यात हवं असतं, तो वैताग वेगळा.

निरोप गेला. अण्णांनी पुन्हा सा आणि गंधार धरला. फोनवर तंबोरा चालू होता. गंधार त्यात साखरेसारखा विरघळला. अण्णा काही बोलले नाहीत, पण त्यांनी पट्ट्या सोडल्या नाहीत.

कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर मी ते सगळं बिऱ्हाड मांडलं. तळमजल्यावरचे काका काळी एकमध्ये भूप गायले. भुपात गंधार वादी, रागाचा मुख्य सूर, म्हणजे माझीच रात्र. काका दर वेळी गंधारावर येऊन थांबायचे आणि मी मनात म्हणायचो, सव्वापट, काका, सव्वापट.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बसल्या. काळी पाच. यमन.

काळी पाचला पांढरी चारवर काय येतं? पंचम येतो. हे मला काकूंनी पहिल्यांदा पंचमावर मुक्काम केला तेव्हा कळलं. तंबोऱ्यातला पंचम साच्या दीडपट, ७०२ सेंटांचा. कीबोर्डचा मुळात दोननं कमी, त्यात मी काढून घेतलेले चौदा. सोळा सेंटांनी बसलेला पंचम, आणि तंबोऱ्याशी त्याची अशी घों घों की मसाल्याच्या दुधाच्या पातेल्याशी उभी असलेली मंडळीही वळून बघायला लागली. काकूंनी एक कान झाकला. मागच्या खुर्चीतून आवाज आला, "पंचम उतरलाय रे."

घाईघाईत मी संगणकावरून रीसेटचा निरोप पाठवला. पंचम जागेवर आला. पण रीसेट म्हणजे सगळंच मूळपदावर: घुमारा ४०, आवाज १००, आणि वाद्य नंबर एक, पियानो. त्यामुळे काकूंचा अंतरा अर्धा पेटीवर आणि अर्धा विलायती दिवाणखान्यात झाला. काकू मोठ्या मनाच्या. शेवटी म्हणाल्या, "मधे ते जलतरंगासारखं काय वाजवलंस, छान होतं."

जिना उतरताना अण्णांनी विचारलं, "काकू कितीत गातात हे आधी विचारलं नव्हतंस?" नव्हतं विचारलं. "घासलेली पत्ती परत भरत नाही. आम्ही कानस हातात घ्यायच्या आधी विचारायचो."

आता मी बारा निरोप तयार करतोय, काळ्या-पांढऱ्या मिळून प्रत्येकीचा एक. काळी पाचचा गंधार पांढरी दोनवर येतो, त्याचा शेवटचा आकडा ५९. बेरजा दुधाच्या बिलांच्या पाठीवर करतो आणि अण्णा त्या चष्मा लावून तपासतात. सात झाल्यात. पांढरी तीनला मी ६३ लिहिलं होतं, त्यांनी त्यावर काट मारून शेजारी ५३ लिहिलंय, लाल पेनानं.