आमची वाटचाल : वही, भिस्सी आणि सरसोचं तेल

आमचं किराणा दुकान भिवंडीत 1983 साली सुरू झालं, तेही गिरणी संपामुळे. बाबा लालबागला एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि चाळीतली निम्मी माणसं कोकणात, साताऱ्याला निघून गेली. आमच्या आत्याची तिथे खानावळ होती. जेवणाऱ्यांची उधारी वहीत राहिली, ती कधी आली नाही. आत्याने भांडी विकली.

गिरण्यांचं काम भिवंडीच्या यंत्रमागांवर आलं, पाठोपाठ उत्तरेकडचे कारागीर आले आणि बाबाही आले. आत्याचं बघून त्यांनी नियम केला होता : पंधरा दिवसांच्या वर उधारी नाही.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे भिस्सी, मागावरच्या कारागिरांची खानावळ. पन्नास माणसांच्या भिस्सीला आठवड्याला तांदूळ-आटा मिळून दीड क्विंटल लागतो. मागवाला कारागिराला पंधरवड्याला पगार देतो, कारागीर भिस्सीवाल्याला, भिस्सीवाला आम्हाला, आम्ही वाशीच्या दाणाबाजाराला. बिहारकडचे लोक ‘उसना चावल’ मागायचे. बाबा मालवणचे, त्यांना तो उकडा तांदूळ हे सांगावं लागलं नाही.

मार्च 2020 मध्ये आमच्याकडे 43 भिस्स्यांची खाती होती. 25 तारखेपासून लॉकडाऊन, माग बंद. पगार नाही, पण पोटं होतीच. भिस्सीवाले मागच्या दाराने यायचे, "भैया, बस एक हफ्ता." बाबा नको म्हणाले, मी दिलं. दयेपोटी म्हणावं तर तेही पूर्ण खरं नाही. माल अडकला होता, आणि माग आठवड्याभरात सुरू होतील असं मलाच वाटत होतं. एप्रिलअखेर उधारी 11 लाखांवर गेली.

मग काही लोक नाशिक रस्त्याने कसारा घाटाकडे चालत सुटले. मे महिन्यात भिवंडी रोड स्टेशनवरून गोरखपूरकडे श्रमिक गाड्या लागल्या. जूनमध्ये 43 पैकी 6 भिस्स्यांत चूल पेटत होती. रात्रंदिवस चालणारी मागांची खटखट थांबली होती आणि गंमत म्हणजे आम्हाला झोप येईना.

सगळ्यात अडलं ते सरसोचं, म्हणजे मोहरीचं तेल. चाळीस डबे. पद्मानगरची तेलुगू मंडळी ते खात नाहीत, आपण तर नाहीच. शेवटी लोणचंवाल्याला पडत्या भावात दिलं. वाशीचं देणं फेडायला बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या. त्या पुढच्या वर्षी सुटल्या.

दिवाळीपर्यंत लोक परतू लागले, पण सगळे नाही. काही मागवाल्यांनी तोवर माग भंगारात किलोवर काढले होते. परतलेली कितीतरी पोरं मागाऐवजी मानकोलीकडच्या गोदामांत लागली. ती भिस्सीत जेवत नाहीत, गाडीवर खातात. आज आमच्याकडे 27 खाती आहेत.

उधारीतले सातेक लाख आले, तेही पाचशे-हजार करत मोबाईलवर. काही पैसे कुणाचे हेच कळलं नाही, कारण वहीत नाव होतं नुसतं ‘शांतीनगर, छोटा’.

आता नवं खातं उघडताना मी गावाचा पत्ता आणि घरच्या माणसाचा नंबर लिहून घेतो. बाबांच्या जुन्या वह्यांत गावाचा रकाना होता. 2009 साली मी छापील वह्या आणल्या, तेव्हा तो मीच काढला होता.