आईच्या मानेवरचे गजकर्ण आणि सात उत्तरांचे मॉडेल

गेल्या पावसाळ्यात आईच्या मानेवर, मंगळसूत्र टेकते तिथे, रुपयाएवढा खाजरा चट्टा उठला. लालबागच्या आमच्या चाळीत जूनपासून कपडे म्हणून वाळत नाहीत, टॉवेल कायम ओलसर असतात आणि एका घरात आलेला नायटा दुसऱ्या घरात जायला वेळ लागत नाही, त्यामुळे या चट्ट्याचे कुणालाच विशेष वाटले नाही. मला मात्र वाटले, कारण नोकरीवरून परतल्यावर रोज रात्री मी फोटोवरून त्वचेचे विकार ओळखणारे एक मॉडेल, म्हणजे नमुन्याचे फोटो पाहून शिकणारा संगणक प्रोग्राम, तयार करत होतो आणि घरातच आयता रुग्ण मिळाला होता.

मॉडेलसाठी मी ‘हॅम १००००’ हा खुला संग्रह वापरला होता. व्हिएन्ना आणि ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड येथे गोळा केलेली १०,०१५ छायाचित्रे त्यात आहेत. ती साध्या कॅमेऱ्याने नव्हे, तर डर्माटोस्कोप या भिंगाच्या उपकरणातून घेतलेली असून सात प्रकारांत विभागलेली आहेत. आरंभी माझ्या मॉडेलची अचूकता ऐंशी टक्क्यांच्या वर गेली, तेव्हा मी हुरळून गेलो होतो. नंतर लक्षात आले की त्या संग्रहातील ६,७०५ छायाचित्रे साध्या तिळांची आहेत, म्हणजे काहीही न शिकता प्रत्येक फोटोला ‘तीळ’ म्हणणारा प्रोग्रामदेखील सदुसष्ट टक्के गुण मिळवून जातो. शिवाय १०,०१५ छायाचित्रे प्रत्यक्षात ७,४७० डागांचीच आहेत. काही डागांचे दोन-तीन फोटो आहेत आणि मॉडेलच्या अभ्यासासाठी व परीक्षेसाठी मी फोटोंची सरमिसळ वाटणी केल्यामुळे त्यांतला एक अभ्यासात, तर दुसरा परीक्षेत गेला होता. पेपर आधीच फुटलेला होता. डागांनुसार वाटणी करून पुन्हा चाचणी घेतल्यावर आकडा खाली आला, आणि कर्करोगाच्या मेलानोमा या प्रकारावर तर मॉडेल वारंवार चुकताना दिसले.

तरीही मोह आवरला नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात आईच्या मानेचा फोटो काढून मी मॉडेलला दिला आणि त्याने सत्तर टक्क्यांहून अधिक खात्रीने उत्तर दिले: बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग. सुदैवाने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळलेला होता.

यात मॉडेलचा दोष नव्हता. त्याला सातच उत्तरे ठाऊक होती, त्यांत गजकर्ण नव्हते, आणि शेवटच्या पायरीवरचे गणित असे असते की सातही शक्यतांची बेरीज शंभर टक्के झालीच पाहिजे. ‘यांपैकी एकही नाही’ असा पर्यायच नसलेल्या प्रश्नपत्रिकेत मुलगा जे करतो तेच त्याने केले. ‘खात्री’ म्हणून आपण जो आकडा वाचतो तो केवळ त्या सातांच्या आपापसातील शर्यतीचा निकाल असतो, हे मी पुस्तकात वाचले होते, पण आईच्या मानेमुळे ते समजले.

दुसऱ्या दिवशी आम्ही मामेबहिणीकडे गेलो. ती त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि परळला तिचा दवाखाना आहे. तिने आधी आईला खिडकीकडे तोंड करून बसवले, चट्ट्याच्या कडेवरून बोट फिरवले आणि विचारले, “आत्या, काय लावलं होतंस?” आई गप्प. मग पिशवीतून एक पिळलेली ट्यूब निघाली. नाक्यावरच्या औषधवाल्याने चिठ्ठी न मागता दिलेल्या त्या मलमात क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉइड होते. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र निवांत पसरत राहते, आणि गजकर्णाची ओळख असलेली ती उंच, खवल्यांची गोल कडा पुसली जाते. अशा बुरशीला डॉक्टर ‘टिनिया इन्कॉग्निटो’, म्हणजे वेषांतर केलेले गजकर्ण म्हणतात. स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ साली केंद्र सरकारने नियम कडक केले. ट्यूब तरीही मिळतेच.

ताईने ब्लेडच्या बोथट बाजूने कडेचा थोडासा कोंडा काचपट्टीवर खरवडला, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि काही वेळाने मला सूक्ष्मदर्शकातून बघायला बोलावले. फिकट पेशींच्या गर्दीतून बुरशीचे, फांद्या फुटलेले लांब धागे गेलेले होते. लाखो फोटोंवर शिकलेल्या मॉडेललाही त्या फोटोतून जे दिसले नसते ते या काचपट्टीने दाखवले.

घरी येताना मी ताईच्या ‘काय लावलं होतंस?’ या प्रश्नाचाच विचार करत होतो. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १,२९,४५० छायाचित्रांवर शिकवलेले मॉडेल कर्करोग ओळखण्यात २१ त्वचारोगतज्ज्ञांच्या बरोबरीने उतरले, तेव्हापासून या विषयाची चर्चा ‘डॉक्टर की यंत्र’ अशीच चालते. पण ती स्पर्धा फोटो पाहण्यापुरती होती आणि ताई फोटो पाहत नव्हती. त्वचेवरचा फिकट चट्टा शिबांचा आहे, कोडाची सुरुवात आहे की कुष्ठरोगाचा आहे, हे ठरवताना ती कापसाचे टोक फिरवून स्पर्श कळतो का ते पाहते. वडाळ्याच्या ॲकवर्थ रुग्णालयामुळे कुष्ठरोगाचे नाव मुंबईकरांना परके नाही, पण बधिरपणा हे त्याचे महत्त्वाचे लक्षण कोणत्याही कॅमेऱ्यात उमटत नाही.

जे उमटते तेही सगळ्यांच्या त्वचेवर सारखे नसते. पाश्चात्त्य पुस्तकांत ‘लालसर’ म्हटलेला चट्टा आईच्या सावळ्या मानेवर जांभळट-तपकिरी होता. स्टॅनफर्डच्याच एका गटाने २०२२ मध्ये वेगवेगळ्या वर्णांच्या रुग्णांची ६५६ छायाचित्रे तपासून दाखवले की नावाजलेली मॉडेल्सही गडद त्वचेवर अधिक चुकतात. ही त्रुटी आपल्याकडच्या फोटोंनी भरून काढता येईल आणि ते काम व्हायलाच हवे. मात्र न विचारलेला प्रश्न कितीही फोटोंनी भरून निघणार नाही, असे माझे मत झाले आहे.

म्हणून मी प्रोग्राम उलटा केला. आता तो फोटो मागण्याआधी विचारतो: चट्टा कधीपासून आहे, घरात आणखी कुणाला खाज आहे का, तिथे स्पर्श कळतो का आणि मलम लावले आहे का. मलमाच्या प्रश्नाला ‘हो’ म्हटले की तो रोगाचे नाव सांगतच नाही. ट्यूबचा फोटो घेतो आणि ती ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जायला सांगतो. ताईला हे पटले, फक्त तिने एक दुरुस्ती सुचवली. “‘मलम लावलंय का’ असं विचारू नकोस,” ती म्हणाली, “सगळे ‘नाही’ म्हणतात. ‘कुठलं लावलंस’ असं विचार.”

आईची मान बरी व्हायला दोन महिने लागले. टॉवेल आता वेगळे आहेत आणि ते इस्त्री करून वाळवण्याचे काम माझ्याकडे आले आहे.