तुम्ही विचारलेत म्हणून: कॅमेऱ्यासमोर अवघडलेल्या माणसाला काय सांगावे?

पोर्ट्रेट काढायला नव्याने लागलेली नागपुरातली तरुण मंडळी भेटली, की लेन्स आणि कॅमेऱ्याची चर्चा आटोपल्यावर एक प्रश्न हमखास निघतो: समोरची व्यक्ती पहिल्यांदाच फोटोसाठी उभी आहे, कॅमेरा डोळ्याला लावताच ती ताठरते, तेव्हा तिला सांगायचे तरी काय? माझे उत्तर असे, की तिच्याकडे भाव मागू नयेत, तिला काम द्यावे.

‘सहज उभी राहा’ किंवा ‘जरा प्रसन्न दिस’ या सूचना ऐकायला सोप्या वाटल्या, तरी त्यांचे नेमके करायचे काय हे शरीराला कळत नाही आणि ती बिचारी स्वतःचा चेहरा आतून तपासत बसते. याउलट ‘वजन मागच्या पायावर घे’, ‘ओढणी डाव्या हाताने खांद्यावर सावर’, ‘त्या कडुनिंबापर्यंत चालत जा आणि मी हाक मारली की वळून बघ’ या सूचना पाळता येतात. लक्ष कामात गुंतते आणि चेहरा मोकळा होतो. मी बटण दाबतो ते बहुधा काम संपल्यावर, ‘झाले का?’ असे विचारण्यासाठी ती माझ्याकडे बघते त्या क्षणी. ‘एक, दोन, तीन’ मात्र मी कधीच मोजत नाही, कारण तीन येईपर्यंत हसू शिळे झालेले असते.

हनुवटीची सूचना थोडी विस्ताराने द्यावी लागते. अवघडलेला माणूस मान मागे घेतो आणि हनुवटीखाली नसलेली वळी दिसू लागते. कासवासारखी मान जरा पुढे काढ आणि मग हनुवटी किंचित खाली घे, असे मी सांगतो. पण हे करताना विचित्र वाटेल, दिसणार मात्र नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. डावे-उजवे समजावत बसण्यापेक्षा मी स्वतः समोर उभा राहून, आरशात दिसावे तसे, ते करून दाखवतो. हात लावून मान वळवणे किंवा केस सारखे करणे मला मान्य नाही. ते काम सोबत आलेल्या मैत्रिणीचे किंवा आईचे, आणि अशी सोबत असावी असा माझा आग्रहच असतो.

लेन्सचाही या संवादाशी संबंध आहे. फुल-फ्रेम, म्हणजे जुन्या 35 मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या, कॅमेऱ्यावर 85 मिलिमीटरची लेन्स असेल, तर कमरेपर्यंतच्या उभ्या चौकटीसाठी साधारण अडीच मीटर अंतर पुरते आणि हलक्या आवाजात बोलता येते. 200 मिलिमीटरने पार्श्वभूमी सुरेख विरघळते, पण तेवढ्याच चौकटीसाठी सहा मीटर मागे जावे लागते आणि प्रत्येक सूचना ओरडून द्यावी लागते, जी आसपासची माणसेही ऐकतात. सवय नसलेल्या व्यक्तीसाठी मी ती सुरेख पार्श्वभूमी सोडून देतो.

त्याच कारणाने संध्याकाळचा फुटाळा तलाव मी टाळतो. सूर्यास्त तिथे देखणा असतो, यात वाद नाही, पण बघ्यांच्या गर्दीत नवख्या माणसाचा धीर सुटतो. सेमिनरी हिल्सकडची सकाळ बरी. डिसेंबरात नागपूरचा सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणून संध्याकाळी चार वाजताही ऊन मऊ मिळते. मे महिन्यात मात्र पारा 45 अंशांकडे झुकतो आणि सकाळी आठनंतर कोणाकडूनही काही अपेक्षा करू नये. ऊन चेहऱ्यावर थेट घेतले की डोळे बारीक होतात आणि त्याचा दोष उगाच मॉडेलवर येतो. तिला झाडाच्या सावलीच्या कडेला, उजेडाकडे तोंड करून उभे करावे आणि खालून पांढरा थर्माकोल धरावा. तरीही डोळे दिपत असतील, तर ते मिटून ठेवायला सांगून माझ्या खुणेसरशी उघडायला लावतो.

कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा फोटो लगेच दाखवावा का, हेही विचारले जाते. पहिली काही मिनिटे तरी दाखवू नये. आपला चेहरा आपण आयुष्यभर आरशात, म्हणजे डावे-उजवे उलट झालेला, पाहिलेला असतो. 1977 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांना स्वतःची आरशातली प्रतिमा अधिक आवडली, तर त्यांच्या मित्रांना सरळ छायाचित्र. त्यामुळे ‘मी अशी दिसते?’ हा पहिला उद्गार फोटो चांगला असला तरी येऊ शकतो, आणि एकदा तो आला की पुढचा अर्धा तास ती नाक झाकण्यात घालवते. खांदे उतरले, बोलणे सुरू झाले, की त्यातला एकच, मला खात्री असलेला फोटो दाखवावा. निवडीच्या वेळी मात्र तिच्या मैत्रिणीचे मत मी आधी विचारतो, आणि जो फोटो तिला स्वतःला नको असेल तो, मला कितीही आवडला तरी, कुठेही लावत नाही.