किलिमांजारोची आखणी : मुक्कामांच्या उंचीचा हिशेब

रविवार, रात्री

दुपारची जेवणे उरकल्यावर किलिमांजारोच्या वाटांचा तक्ता एकदाचा पूर्ण केला. टांझानियातील हा डोंगर 5,895 मीटर उंच असला, तरी नेहमीच्या वाटांनी जाताना दोर लागत नाही. तेवढ्यावरून आमच्या ट्रेकच्या मंडळींत त्याची ‘चालत जाण्याचा डोंगर’ अशी ख्याती झाली आहे आणि मग सारी चर्चा बूट, जॅकेट व विमानाची तिकिटे यांच्यापाशी येऊन थांबते. मी तक्त्यात एकच रकाना लाल पेनाने आखला आहे : कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचे.

हा रकाना भरत गेले तसे वाटांचे गुणदोष उघडे पडत गेले. मारंगूच्या वाटेवर तंबूऐवजी लाकडी झोपड्यांत मुक्काम असतो, त्यामुळे पहिल्या नजरेत तीच मनात भरते. परंतु पाच दिवसांच्या कार्यक्रमात मंदारा 2,720, होरोंबो 3,720 आणि किबो 4,720 मीटर असे मुक्काम येतात, म्हणजे रोज हजार मीटरची उडी. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची दिवसाला पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसाव्यासाठी राखावा, हा जो दंडक डॉक्टर सांगतात, तो इथे सरळ धाब्यावर बसतो. मचामेची वाट सहा दिवसांत उरकायची, तर करांगाचा मुक्काम गाळून बरांकोहून थेट बराफू गाठावे लागते आणि त्याच मध्यरात्री शिखराकडे निघावे लागते. पायांना ते झेपेलही. प्रश्न पायांचा नाहीच, शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळ मिळतो की नाही याचा आहे.

उरली पश्चिमेकडून चढणारी लेमोशो, आठ दिवसांची. ती सुरू होते तीच मुळी 2,100 मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या 1,646 मीटरच्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा बऱ्याच वर. जंगलातला पहिला मुक्काम झाल्यावर शिरा पठारावर दोन रात्री जातात, मग एके दिवशी 4,600 मीटरवरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढून तिथे जेवायचे आणि झोपायला 3,960 मीटरवरच्या बरांकोला उतरायचे. एवढी चढाई करून तीच उंची पुन्हा गमावणे आपल्याकडच्या ट्रेकरला जिवावर येते. पण शरीराला विरळ हवेची चव दाखवून रात्री त्याला सैल सोडण्याचा तो दिवस मला साऱ्या कार्यक्रमात सर्वांत मोलाचा वाटतो. पुढची रात्र करांगाला, जवळजवळ त्याच उंचीवर, आणि नंतर 4,670 मीटरवरचे बराफू. पाचशे मीटरचा नियम याही वाटेवर दोनदा मोडतोच, हे तक्त्यात लाल खुणेने नोंदवून ठेवले आहे.

रात्री दादाचा फोन आला. “अगं, सहा दिवसांत होतं म्हणतात, मग आठ दिवसांचे पैसे कशाला?” त्याचे गणित चुकीचे नव्हते, कारण उद्यानाचे शुल्क दिवसागणिक आणि डॉलरमध्ये आकारले जाते. मी त्याला हान्स मायरची हकिकत सांगितली. आधीच्या प्रयत्नांत अपयश पदरी पडलेल्या या जर्मन गृहस्थाने 1889 मध्ये डोंगरावर टप्प्याटप्प्याने मुक्काम उभारले आणि खालून शिधा येत राहील अशी व्यवस्था लावली, जेणेकरून एकदा माघार घ्यावी लागली तरी वरच थांबून पुन्हा चढता यावे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो लुडविग पुर्टशेलरसह शिखरावर पोहोचला. दादा म्हणाला, “तुझं नेहमीचंच, पैशाचं विचारलं की इतिहास.”

गुरुवार

डॉक्टरांकडे दोघेही गेलो आणि सहा की आठ हा वाद तिथेच निकालात निघाला. विरळ हवेच्या त्रासावर प्रतिबंध म्हणून डायमॉक्स घेतात. साधारणपणे चढाईच्या आदल्या दिवसापासून 125 मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा. बोटांना मुंग्या येणे आणि वारंवार लघवीला जावे लागणे, हे तिचे ठरलेले त्रास असल्यामुळे मी घरीच दोन दिवस घेऊन पाहावी असे ठरले. दादाला मात्र पूर्वी सल्फाच्या गोळीने अंगभर पुरळ उठले होते, हे त्याने अगदी उठता उठता सांगितले. डायमॉक्सही सल्फाच्याच कुळातले, म्हणून डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी परत घेतली आणि त्याच्यासाठी सावकाश चढणे हेच औषध असल्याचे बजावले. तंदुरुस्त माणसालाही हा त्रास होतो, किंबहुना तो भराभर चढतो म्हणून अनेकदा आधी होतो, हे त्यांनी दादाकडे रोखून पाहत सांगितले. दादा रविवारी सिंहगड धावत चढणाऱ्यांपैकी आहे.

विमान अदिस अबाबामार्गे असल्याने पीतज्वराची लस घ्यायची आहे. तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतरच ग्राह्य धरले जाते, म्हणून ते काम शेवटच्या आठवड्यावर ढकलता येत नाही. विम्याचा कागदही आजच वाचला. प्रवासविम्याच्या बारीक अक्षरांत गिर्यारोहण बहुधा वगळलेले असते किंवा उंचीची मर्यादा घातलेली असते, आणि आमच्या कागदात ती चार हजार मीटर निघाली. सहा हजार मीटरपर्यंतची जोखीम आणि हेलिकॉप्टरने उतरवण्याचा खर्च लेखी कबूल करणारा दुसरा विमा शोधतो आहोत.

शनिवार

सराव सुरू आहे. सिंहगडाची पायथ्यापासूनची चढाई साधारण सहाशे मीटरची आहे. शिखराच्या रात्री बराफूपासून सव्वाबाराशे मीटर चढायचे आणि त्याच दिवशी तीन हजार मीटरवरच्या म्वेका मुक्कामापर्यंत उतरायचे. म्हणून गड सलग दोनदा करतो आणि उतरताना पाठीवर पाण्याच्या बाटल्यांचे वजन ठेवतो, कारण गुडघ्यांची परीक्षा उतारावर होते. सह्याद्री पायांची तयारी उत्तम करून घेतो, पण छातीची नाही. शिखरावर समुद्रसपाटीच्या तुलनेत जेमतेम निम्मा प्राणवायू असतो आणि त्याचा सराव पुण्यात बसून करण्याची सोय नाही.

सामानाचे बहुतेक सारे ठरले. पाण्याच्या पिशवीची नळी त्या रात्री गोठते, म्हणून रुंद तोंडाच्या बाटल्या घेतल्या असून त्या लोकरीच्या मोज्यात उलट्या ठेवायच्या आहेत. बर्फ वरच्या बाजूने धरू लागतो, त्यामुळे सुलटी केली की झाकणाकडचे पाणी वाहते राहते. टांझानियात 1 जून 2019 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आहे. आपली भरण्याची सारी रीत कॅरीबॅगांवर बेतलेली, तेव्हा वहिनीने जुन्या सुती साडीच्या नाडीवाल्या पिशव्या शिवून दिल्या.

शेवटचे काम कंपनीच्या निवडीचे होते. गाइडशिवाय या डोंगरावर जाता येत नाही आणि ओझे पोर्टर वाहतात. एका पोर्टरने वीस किलोहून अधिक वाहू नये असा नियम आहे. सर्वांत स्वस्त दर देणाऱ्या कंपनीला पोर्टरांची रोजची मजुरी आणि जेवण याविषयी विचारले, तर उत्तरात शिखराची छायाचित्रे आली. तिला नकार कळवला. पोर्टरांच्या वागणुकीवर देखरेख ठेवणाऱ्या ‘किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट’च्या यादीतल्या एका कंपनीला आज सविस्तर पत्र लिहिले. लेमोशो, आठ दिवस, पावसाळा टाळून फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. रोज सकाळ-संध्याकाळ ऑक्सिमीटरची नोंद. प्राणवायूचे नळकांडे सोबत आहे का. आणि एकाला खाली उतरावे लागले तर दुसऱ्याबरोबर पुढे जायला दुसरा गाइड आहे का. गाइडने ‘परत फिरा’ म्हटले तर वाद घालायचा नाही, हे आम्ही भावंडांनी आपापसांत ठरवले असून पत्रातही तसे लिहिले आहे.

दादाने उत्तराची वाट न पाहता रजेचा अर्ज टाकला. उंचीवर भूक मरते म्हणून घरचा खाऊ न्यायचा यावर आमचे एकमत आहे. मेतकूट की राजगिऱ्याचे लाडू यावर अजून झालेले नाही, आणि वहिनी दोन्हींच्या तयारीला लागली आहे.