तुम्ही विचारलंत म्हणून: सिस्टर, पगार किती?

ओळख होऊन दहा मिनिटं झाली की प्रश्न येतोच. "सिस्टर, राग मानू नका, पण तुम्हाला पगार किती?" राग कसला यायचा! घर सोडायच्या आदल्या रात्री माझ्या आईनंही हेच विचारलं होतं.

मी कॅथलिक नन आहे, आणि नर्सही. महिनाअखेरीला माझ्या नावाची पगाराची स्लिप येते. मी आकडा वाचते, सही करते आणि पैसे आम्हा नन्सच्या संस्थेच्या खात्यात जातात. आमच्यातली एक शाळेत शिकवते, तिचाही पगार तिथेच जातो. दुसरी दिवसभर वस्तीत म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या जखमा धुते, तिला कुणी छदाम देत नाही. जेवायला तिघी एकाच टेबलावर. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यात, ६६८ वं कलमच आहे: व्रतस्थ बाई स्वतःच्या श्रमानं कमावेल ते संस्थेचं. पेन्शनचंही साधारण तसंच. कायमची व्रतं घेण्याआधी मृत्युपत्र करावं लागतं. मी केलं तेव्हा तिशीही गाठली नव्हती, आणि लिहायला होतं काय, तर आजीनं माझ्या नावावर ठेवलेलं शिवणयंत्र. वकीलसाहेब हसू दाबत होते.

सगळ्यांचं असंच असतं असं नाही. मदर तेरेसांनी १९५० साली कोलकात्यात सुरू केलेल्या संस्थेत नेहमीच्या तीन व्रतांवर (ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन) चौथं आहे, गरिबातल्या गरिबाची विनामूल्य सेवा. त्यांना पगार विचारलात तर उत्तर एका शब्दात मिळेल.

पैसा हातात नसल्याचा त्रास फारसा होत नाही. मागण्याचा होतो. परवा चपलेचा पट्टा तुटला. आमची सुपिरियर, म्हणजे आमच्या घराची प्रमुख, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिच्या दारात जाऊन उभी राहिले. "मागच्याच वर्षी घेतल्या होत्या ना, सिस्टर?" ती सहज म्हणाली, हिशेबाच्या वहीतून मान वर न काढता. मी पिन लावलेला पट्टा दाखवला. या वयात कान गरम झाले हो!

अशा वेळी मला जान जुगान आठवते. फ्रान्समधल्या सेंट-सर्व्हां गावची ही मोलकरीण. १८३९ च्या हिवाळ्यात तिनं एका आंधळ्या म्हातारीला घरी आणलं, आपलं अंथरूण तिला दिलं आणि स्वतः माळ्यावर झोपायला गेली. मग आणखी म्हाताऱ्या आल्या. त्यातल्या काही भीक मागून जगणाऱ्या. जान म्हणाली, तुम्ही बसा, तुमच्या वाटची भीक मी मागते. टोपली घेऊन ती दारोदार फिरली. यातून सिस्टरांची एक संस्था उभी राहिली. पुढे या तिच्याच संस्थेत तिला पदावरून दूर सारलं गेलं. १८७९ मध्ये ती वारली तेव्हा संस्था हिनं काढली हे बऱ्याच तरुण सिस्टरांना ठाऊकही नव्हतं. २००९ मध्ये तिला संत घोषित केलं. आम्हा सिस्टरांच्या घरातही असं घडतं, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

दवाखान्याच्या खिडकीशी येऊन "पैसे पुढच्या आठवड्यात दिले तर चालतील का?" असं विचारणाऱ्या बायका रोज असतात. "मागचेच राहिलेत" हे वाक्य माझ्या तोंडून फटकन निघायचं, तेही वहीतून मान वर न काढता. परवापासून जीभ जरा अडखळते.

चपला मिळाल्या, दोन दिवसांनी. एक नंबर मोठ्या आहेत. बदलून मागायला अजून गेलेली नाही.